ठासणीचा सरंजाम

मालवणच्या आसपास पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि बोळा ठासून भरायची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. बंदूक आजोबांच्या वेळची, परवाना वडिलांच्या पश्चात अर्ज-चौकश्या करून मुलाच्या नावावर झालेला. तिच्याबरोबरचा सरंजाम मात्र पिढी बदलताना कुठेतरी गळून पडतो. काडतुसाच्या बंदुकीला काडतूस मिळालं की झालं. ठासणीच्या बंदुकीला ठासायचा गज लागतो, बंदुकीच्या दारूचं माप लागतं, दारू कोरडी ठेवायला शिंग लागतं, ठासायला बोळे लागतात, दारू पेटवणाऱ्या केपा धरायला काहीतरी लागतं, केप जिच्यावर बसते त्या निपलचं भोक मोकळं करायला पिन लागते आणि वेळप्रसंगी आतला बोळा बाहेर ओढायला स्क्रू लागतो. यातलं काहीही आमच्या बाजारात तयार मिळत नाही. दारू आणि केपा परवानाधारक दुकानदाराकडून नोंद करून घ्यायच्या, बाकीचं ज्याचं त्याने बघायचं.

मुंबईची नोकरी संपवून वाडीत राहायला आलो तेव्हा माझ्या वाट्याला आलेला सरंजाम असा होता: भुंगेऱ्याने पोखरलेला बांबूचा गज, टोकाला टिचकी मारली की पिवळी पिठी पडायची, वडिलांचं बांबूच्या कांडीचं माप, काठावर टवका उडालेला, आणि गंजलेल्या पत्र्याचा एक डबा. शिंग होतं म्हणे, ते कोणीतरी शोभेला म्हणून मागून नेलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. आमच्याकडे बंदूक वाजवायची असते, मारायची नसते. माडावर शहाळी फोडून टाकणारी आणि काजूच्या बोंडांचा सडा घालणारी माकडं आवाजाने पांगतात, काही दिवस तरी पांगतात. बंदुकीचा परवाना हा जनावराचा परवाना नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि रानडुकराने भाताचा चिखल केला तरी त्याला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. त्यामुळे माझं सगळं काम दारू आणि बोळा एवढ्यापुरतंच आहे, छर्रे नाहीत. तरीही बोळा नळीतून सुटतो तेव्हा तो मऊ राहत नाही, जवळच्या माणसाला इजा करू शकतो. नळी कायम आभाळाकडे.

दुसरी गोष्ट, बंदुकीला मी हात लावला नाही. नळी, चाप, घोडा, निपल ही कामं दुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाची. १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्याच्याकडे नेऊन नळी आतून-बाहेरून बघून घेतली, वडिलांचं माप त्याच्यासमोर ठेवलं. "हेच ठेवा, वाढवू नका," एवढंच तो म्हणाला. आवाज अजून मोठा व्हावा म्हणून चिमूटभर दारू वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. शंभरेक वर्षांच्या नळीवर तो मोह करायचा नसतो.

मग कामाला लागलो, गजापासून.

शेजारचे तात्या स्वतः परवानेवाले. वय झाल्यामुळे त्यांची बंदूक आता मुलाच्या नावावर आहे, पण बोलण्यात त्यांचीच. मी गजासाठी सागाची पट्टी कापून आणायचं म्हणताच त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "बंदूक फुडच्याक मारता. गज मोडलो काय तो ठासतल्याकच मारता. सागाची पट्टी नको, माणगो घे." हे त्यांनी उगाच भीती घालायला सांगितलं नव्हतं. करवतीने कापलेल्या लाकडाचे तंतू सरळ जातीलच असं नाही, ते मध्येच काठाला बाहेर पडतात. ठासताना गजावर जोर येतो, तो नेमका त्या तिरक्या रेषेवर फाटतो, आणि वरून दाबणारा हात तसाच खाली येतो. फाटलेलं टोक तळहातातून आरपार गेल्याच्या गोष्टी जिथे जिथे ठासणीच्या बंदुका आहेत तिथे तिथे ऐकायला मिळतात. अमेरिकेत यासाठी हिकरीचं लाकूड वापरतात आणि तेही फोडून काढलेलं पसंत करतात, कापलेलं नाही. फोडलं की फाट तंतूच्या वाटेनेच जाते.

आपल्याकडे त्या हिकरीच्या तोडीचा माणगा बांबू आहे. सिंधुदुर्गात कुंपणाच्या कडेने, वहाळाच्या काठाने त्याची बेटं असतात, कुडाळच्या बाजूला तर लोक आता लागवडच करतात. माणग्याची भिंत इतकी जाड की बुंध्याकडची काठी जवळजवळ भरीव असते. पावसात नवे कोंब काढून झाले की बेटातल्या जुन्या काठ्यांमधला पिष्टाचा साठा कमी झालेला असतो, आणि भुंगेऱ्याला पिष्टच हवं असतं. म्हणून तोड दिवाळीच्या सुमाराला. तात्यांच्या मते अमावास्येलाच. मी दोन्ही पाळलं. तीन पावसाळे बघितलेली काठी निवडली, कोवळी हिरवीगार घेतली नाही. तोडल्यावर वहाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली. पाण्यातून काढल्यावर तिला आंबूस वास येतो, हात धुतले तरी जात नाही. मग चुलीवरच्या माळ्याला आडवी टांगली, धुराला.

सुकल्यावर कोयत्याने उभी फोडून चार चिरफळ्या केल्या. पेरांच्या जागी कोयता अडतो. तिथे घाव घालायचा नाही, कोयत्याच्या पाठीवर लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत न्यायचा. त्यातली सर्वात सरळ निघाली ती घेतली, आतला भुसभुशीत कोपरा तासून टाकला आणि चौकोनाचा अष्टकोन होईपर्यंत कोयत्याने तासत बसलो. गोल करायला लोहाराकडून जाड लोखंडी पट्टीत उतरत्या मापाची भोकं पाडून घेतली होती. सोनार तार ओढायला जंत्री वापरतो तशी. पट्टी शिकंज्यात धरायची, बांबूचं टोक निमुळतं करून भोकातून घालायचं आणि पलीकडून पक्कडीने खेचायचं. पहिल्या भोकातून जाताना तो करकरतो, कडेला केसासारख्या बारीक सळ्या निघतात. शेवटच्या भोकातून मात्र गुळगुळीत बाहेर येतो. नळीच्या भोकापेक्षा दोन सूत बारीक ठेवला, म्हणजे बोळ्याच्या कडेने जळक्या दारूची मळी साचली तरी अडकू नये.

वाकणं उरलंच होतं. वाकलेली जागा निखाऱ्यावर धरून, तिच्यावर ओलं फडकं फिरवत गरम करायचं, गुडघ्यावर उलट्या बाजूने दाबायचं आणि गार होईपर्यंत तसंच धरून बसायचं. बांबू गरम असताना ऐकतो आणि गार झाल्यावर तो आकार धरतो, पण घाई केली तर करपतो, आणि करपलेला भाग ठिसूळ होतो. हे काम संध्याकाळी केलं, उजेडात निखारा कळत नाही.

टोकाला पितळ. लोखंड नको, कारण दारूजवळ ठिणगी नको आणि नळीच्या तोंडाला घास नको. कुडाळच्या एका लेथवाल्याने पितळी कांडीचं टोपण कातून दिलं, एका बाजूने सपाट, दुसऱ्या टोकाच्या टोपणाला आट्या, त्यावर फडक्याचं टोक किंवा बोळा काढायचा स्क्रू बसतो. टोपण अरल्डाइटने चिकटवलं आणि आडवी पितळी खीळ मारून दोन्हीकडून ठोकली. नुसत्या चिकटवण्यावर विसंबायचं नाही. स्क्रू लावून ओढताना टोपण आतच राहिलं तर गजाचा काही उपयोग नाही. स्क्रू म्हणजे सायकलच्या आऱ्याचे दोन तुकडे खिळ्याभोवती उलटसुलट गुंडाळून लोहाराने केलेली दोन शेपट्यांची गुंतवळ. दिसायला हास्यास्पद, पण बोळ्यात शिरली की सोडत नाही.

अखंड लोखंडी गज का नाही, असं मला मुलाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. प्रशियाच्या सैन्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच लाकडी गज टाकून लोखंडी घेतले, कारण लढाईच्या घाईत लाकडी मोडायचे. आम्हाला कसली घाई? आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंडी गज ठेवला तर दर आठ दिवसांनी गंज घासत बसायला लागेल.

गज झाला तरी तो पुरा होतो तो खुणांनी. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर रेघ ओढायची. मापाची दारू आणि बोळा ठासून झाल्यावर दुसरी रेघ. रिकामी नळी पहिल्या रेघेवर असते, भरलेली दुसऱ्या रेघेवर. गज त्याहून वर राहिला तर एक तर बोळा मध्येच अडकलाय किंवा कोणीतरी आधीच भरून ठेवलेली नळी पुन्हा भरली जातेय. दोन्ही धोक्याचे. दारू आणि तिच्यावरचं ठासण यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फुटूही शकते. वडिलांच्या जुन्या गजावर अशी रेघ होती, तिच्याभोवती लाल दोरा गुंडाळलेला. लहानपणी मला ती नक्षी वाटायची. मी सुरीने खाच पाडून त्यात लाख वितळवून भरली. अंधारात बोटाला लागते.

गजाच्या वरच्या टोकासाठी मूठ हवी होती. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी, फळं, पाट-लाटणी करणाऱ्यांची दुकानं आहेत. तिथल्या एका मिस्त्रींना लिंबाएवढा गोळा कातून मागितला, मध्ये गजाच्या जाडीचं अर्धवट भोक. "कशाक होयो?" मी सांगितलं. ते हसले, म्हणाले, "म्हणजे भवऱ्याच्या उलटो." फणसाच्या लाकडाचा दिला, वर लाखेचा रंग चढवायला निघाले होते, तो नको म्हटलं, घामाने हात सरकतो. हा गोळा गजावर टोपीसारखा बसतो आणि तळहाताला टोक बोचत नाही. पण ती मूठ आहे म्हणून अंगाचा भार टाकून एका दमात गज ढकलायचा नाही. गज नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरायचा आणि छोट्या छोट्या हातांनी खाली न्यायचा. लांबवर धरून दाबला की तो मध्ये वाकतो आणि मोडायचा तो तिथेच मोडतो.

मापाचं काम छोटं, पण त्यात मला सर्वांत मजा आली. काळी दारू घनफळाने मोजतात, त्यामुळे माप म्हणजे ठरलेल्या पोकळीची नळी, बाकी काही नाही. परदेशातले हौशी लोक हरणाच्या शिंगाची मापं करतात आणि ती दिसतातही देखणी. आपल्याकडे सांबराचं गळून पडलेलं शिंग जंगलातून उचलून घरी आणणं हासुद्धा गुन्हा आहे, त्यामुळे तो विचारच नको. मी पितळी नळीचा तुकडा घेतला, खालून फणसाच्या लाकडाचा दट्ट्या बसवला. दट्ट्या आत सरकवला की पोकळी कमी, बाहेर ओढला की जास्त. आता वडिलांच्या मापाएवढी पोकळी करायची.

यासाठी खसखस वापरली. मोहरी आधी घेतली होती, पण तिचे दाणे मोठे, काठावर अर्धा दाणा वर की खाली याचा निवाडा होत नाही. वडिलांची कांडी खसखशीने भरली, बाहेरून बोटाने दरवेळी तितक्याच टिचक्या मारल्या, वरचा ढीग पोस्टकार्डाच्या कडेने सपाट केला. ती खसखस नव्या नळीत ओतली. टिचक्या मारल्या की दाणे दाटून बसतात आणि पातळी काठाखाली जाते, म्हणून दोन्हीकडे टिचक्या सारख्याच हव्यात. दट्ट्या केसभर आत ठोकायचा, पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं. नव्या नळीतली खसखस काठाला टेकली आणि ती परत जुन्या कांडीत ओतल्यावर तीही काठोकाठ भरली, तेव्हा दट्ट्यातून आरपार खीळ मारून तो कायमचा अडकवला. टवका उडालेल्या बाजूला मी आधी मेण भरून काठ सारखा करून घेतला होता. बायको दारात उभी राहून बघत होती. खसखशीचा भाव काय आहे हे तिने मला सांगितलं.

माप वेगळं का लागतं, शिंगातून थेट नळीत दारू का ओतायची नाही, हे नव्या परवानेवाल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. आधीच्या बाराची ठिणगी नळीच्या तळाशी मळीत जिवंत राहू शकते. मापातली दारू पेटली तर हात भाजेल. शिंगाला आग लागली तर हातात बॉम्ब असेल. म्हणून शिंगातून मापात, शिंगाचं तोंड बंद, शिंग मागे, मग मापातून नळीत. यात तडजोड नाही. वाडीत जाताना मी शिंग नेतच नाही. घरीच एकेका बाराची दारू चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, नळ्यांत भरून बुचं लावतो आणि तेवढ्याच नेतो. युरोपातले जुने बंदूकवाले खांद्यावरच्या पट्ट्याला अशाच लाकडी नळ्या लटकवत. साधारण डझनभर असायच्या म्हणून त्यांना बारा प्रेषित म्हणत. माझे प्रेषित चार आहेत. माकडांना पुरतात.

शिंग रेड्याचं. पूर्वी विजयदुर्गाकडे गव्याच्या शिंगाचे दागिने होत, आज गव्याच्या शिंगाला हात लावायची सोय नाही आणि ते बरंच आहे. रेड्याचं शिंग मिळवणं कठीण नाही, साफ करणं कठीण. आतला हाडाचा गाभा सुटावा म्हणून मोठ्या टोपात उकळायचं. परसात, वारा घराच्या उलट दिशेला असताना. वासाबद्दल जास्त लिहीत नाही. गाभा सुटला की शिंग पोकळ होतं, टोकाकडे मात्र चांगलं चार बोटं भरीव राहतं. पोकळी कुठपर्यंत आहे ते आत तार घालून मोजायचं, तीच लांबी बाहेरून वळणावर मांडून खूण करायची, मग टोक कापून गिरमिटाने आतल्या पोकळीला भेटेल असं भोक पाडायचं. शिंग वळलेलं, भोक सरळ. गिरमिट किंचित तिरपं धरलं की कडेतून बाहेर येतं. खूण खडूने दोन्ही बाजूंना केली होती आणि मुलाला आडव्या बाजूने बघायला बसवलं होतं. "वर, अजून वर, आता खाली," असं करत ते भोक आत पोचलं आणि गिरमिटाच्या पात्यावर पांढरा भुसा थांबून एकदम मोकळं फिरायला लागलं.

बाहेरून खरवडायला फुटक्या काचेचा तुकडा. कानशीपेक्षा काच चांगली. शिंगाचे पापुद्रे कागदासारखे निघतात आणि खालून काळ्यात मधासारखी रेघ उमटते. रुंद तोंडाला शिवणीच्या लाकडाचं बूड. शिवण हलकी आणि ती फारशी हलत नाही, म्हणजे पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आक्रसण्याचं प्रमाण तिच्यात कमी. सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा वाटीत पाणी धरतं. मे महिन्यात घट्ट बसवलेलं लाकडी बूड जुलैत फुगून शिंगाला तडा देऊ शकतं. म्हणून बूड आधी गरम मेणात बुडवून ठेवलं, त्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. शिंगाचं तोंड उकळत्या पाण्यात धरून मऊ केलं, बूड दाबून गोल बसवलं, गार झाल्यावर शिंगाने त्याला आवळून धरलं. कडेने बांबूच्या खिळ्या मारल्या आणि फटीत राळ-मेण ओतलं. पाण्याच्या बादलीत दाबून धरलं, बुडबुडा आला नाही. बुचाला दोरी बांधली, कारण बूच हरवलं की शिंग गेलं.

बोळ्यांचा विषय आमच्याकडे वादाचा. सगळे काथ्या वापरतात. नारळाची सोडणं ढिगाने पडलेली असतात, मूठभर काथ्या ओढला, बोळा केला, ठासला. फुकट आणि घट्ट. पण काथ्या विझत नाही. पूर्वी पानपट्टीच्या टपरीवर काथ्याची जळती दोरी लोंबकळत असायची, गिऱ्हाईक येऊन तिच्यावर बिडी पेटवायचं, ती दिवसभर धुमसत असायची. त्याच काथ्याचा बोळा बारातून सुटून फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर, म्हणजे कातळमाळावर, वाळलेल्या गवतात पडला तर? काजूच्या बागा वणव्यात जातात त्याच या दिवसांत, आणि माकडं बोंडांवर येतात तीही याच दिवसांत. तात्यांशी यावरून माझं वाजलं. "आमी जलमभर काथ्योच घातलो," म्हणाले. मी अंगणात फरशीवर दोन बोळे ठेवले, एक काथ्याचा, एक घोंगडीच्या लोकरीचा, आणि दोन्हींना निखारा लावला. लोकरीला केस जळल्याचा वास आला, निखारा उचलताच ती विझली, काळा कुरकुरीत गोळा उरला. काथ्या आतल्या आत लाल होत गेला. तात्या चहा पिऊन उठले तेव्हाही धूर चालूच होता. ते काही बोलले नाहीत.

जुनी धनगरी घोंगडी होती. उकळत्या पाण्यात घालून, साबण लावून, दगडावर आपटून धुतली. ती आक्रसली, विणीच्या फटी बुजल्या आणि नमद्यासारखी जाड झाली. नळीच्या आतल्या मापापेक्षा किंचित मोठ्या व्यासाच्या लोखंडी पाइपचं तोंड लोहाराकडून धार लावून घेतलं, ओंडक्याच्या आडव्या कापावर घोंगडी ठेवून पाइपवर हातोडा मारला की चकती. चकत्या दुहेरी ठासतो.

कोरडी चकती मात्र घालायची नाही. काळ्या दारूची मळी सुकली की नळीच्या आत कडक थर धरते, दोनतीन बारांत गज अडायला लागतो. चकतीला वंगण असलं की मळी मऊ राहते. खनिज तेल किंवा ग्रीस इथे चालत नाही, त्याने मळीचं डांबर होतं. प्राण्याची चरबी किंवा वनस्पतीचं घट्ट तेल हवं. १८५७ साली काडतुसांवरच्या गाय-डुकराच्या चरबीवरून असंतोष उसळला, तेव्हा कंपनीने शिपायांना वंगण स्वतःच्या हाताने, मेण आणि तेल-तूप वापरून लावायची मुभा दिली होती. तोवर उशीर झाला होता हा भाग वेगळा. म्हणजे मेण आणि तेल ही जोडी जुनीच.

खोबरेल घालून बघितलं. ते २४ अंशांच्या आसपास पातळ होतं, म्हणजे आमच्याकडे वर्षातले बहुतेक दिवस पातळच, चकतीतून झिरपून दारू भिजवतं. मग मुठेल आठवलं. कोकमाच्या बियांचं तेल, पायांच्या भेगांना लावायला प्रत्येक घरात त्याचे हातात मावतील असे गोळे असतात. ते चाळीसच्या जवळ येईपर्यंत वितळत नाही. मालवणात उन्हाळा असह्य झाला तरी सावलीत सहसा तो आकडा गाठत नाही. मुठेल दोन वाट्या, मधमाशीचं मेण पाऊण वाटी, पाण्याच्या टोपात दुसरं भांडं ठेवून वितळवलं, दारू त्या वेळी घराच्या दुसऱ्या टोकाला. चकत्या बुडवून ताटात मांडल्या. सुकल्यावर त्या बोटाला चिकटत नाहीत, पण नखाने खरवडलं की मऊ लागतात. दारूच्या लगेच वर एक कोरडी चकती आणि तिच्यावर वंगणाची, असा क्रम ठेवतो, म्हणजे दारूला तेल लागत नाही.

केपांची पट्टी सायकलच्या ट्यूबची आहे, रबरात भोकं पाडून केपा उलट्या खोचायच्या, पट्टी निपलवर दाबली की केप तिथे राहते. घामेजल्या बोटांनी केपा सांडणं बंद झालं. निपलच्या भोकासाठी स्टोव्हची पिन, मालवणच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या दुकानात अजून पाकिटं मिळतात. बंदूक रिकामी असतानाच वापरायची, हे सांगायला नको, तरी सांगतो.

बार काढलेल्या दिवशीच नळी धुवायची. मळी हवेतलं पाणी ओढते आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात सकाळपर्यंत तांबूस थर येतो. उकळतं पाणी नरसाळ्याने ओतलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि काळं पाणी निघतं. पाणी उकळतं असल्यामुळे नळी तापते आणि आपोआप सुकते. मग गजाला फडकं लावून तेलाचा हात. या वेळी गज ओला होतो, म्हणून त्यालाही मुठेल-मेणाचं पुट चढवलं आहे.

पहिल्यांदा सगळं वापरलं ते काजूच्या बागेत, टेकाडावर. तात्या आले होते, बघायला म्हणून. नळी भरली, गजाची लाखेची रेघ नळीच्या तोंडाला आली, केप बसवली, बार काढला. माकडं फणसावरून उड्या टाकत पलीकडच्या वाडीत गेली. तिथला मालक आता माझ्याकडे बघून हसत नाही. तात्या मात्र खाली वाकून गवतात काहीतरी शोधत होते. घोंगडीची चकती सापडली त्यांना. उचलून तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबली, गार होती.

"दोन डझन करून दी माका," म्हणाले. "आणि ता पाइपाचा कापूचा पण दी एक दिवस."

घोंगडी आता निम्मीच उरली आहे. उरलेली बायकोने कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली आहे, तेव्हा तात्यांनी स्वतःची आणावी असं ठरलंय.